काटकसर आणि भागवणे

मराठी माणसाला काटकसरीविषयी फार आदर आहे; निदान त्याच्या पुस्तकांत आणि शालेय निबंधांत तरी आहे. 'काटकसरीचे महत्त्व' ह्या विषयावर चार परिच्छेद न लिहिता आपल्यापैकी कोणी शाळा पार केली असेल असे वाटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, थेंबे थेंबे तळे साचते, ह्या म्हणी आपण इतक्या वेळा उतरवून काढल्या आहेत की त्या तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात मला म्हणायचे आहे ते एवढेच, की मी जिथे राहते आणि शिकवते त्या परळी वैजनाथच्या परिसरातील बहुसंख्य घरे वर्षभर जे करतात त्याला 'काटकसर' हा शब्द लागू पडत नाही. त्यासाठी मराठीत दुसरा, साधा आणि अधिक नेमका शब्द आहे : 'भागवणे'. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची जी सवय आपल्या समीक्षेला आणि वर्गातल्या अध्यापनाला जडली आहे, ती मला निरुपद्रवी वाटत नाही.

काटण्यासाठी आधी काटण्याजोगे काही असावे लागते. काटकसर करणाऱ्याजवळ एक ठरलेली रक्कम असते, ती केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते, आणि तिच्यातून थोडे बाजूला काढून ठेवण्याचा निर्णय तो स्वतः घेत असतो. म्हणजे काटकसर ही मुळात निवड आहे. स्वेच्छेने पत्करलेल्या अशा निवडीचा जगातला सर्वांत गाजलेला दस्तऐवज थोरोच्या 'वॉल्डन'मध्ये आहे. दुर्गाबाई भागवतांनी तो 'वॉल्डनकाठी विचारविहार' ह्या नावाने मराठीत आणला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो त्याच नावाने परिचित आहे. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात थोरो आपल्या झोपडीचा जमाखर्च मांडतो : फळ्या, जुन्या विटा, चुना, खिळे, एकूण २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. ४ जुलै १८४५ रोजी तो तळ्याकाठी राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने राहिला. पण १८५४ साली पुस्तक काढताना त्याने हा काळ एकाच वर्षाच्या ऋतुचक्रात बसवला. कलाकृती म्हणून ते योग्यच झाले. परंतु जागा मित्राची, इमर्सनची होती, अंगावर बाकी कोणाची नव्हती, आणि प्रयोग पुरा झाला की गावात परत जाता येत होते. थोरोला कमी लेखण्याचा इथे मुळीच हेतू नाही. त्याची हिशेबाची यादी मला आजही त्याच्या निसर्गवर्णनापेक्षा अधिक आवडते. मुद्दा इतकाच, की जिच्यातून उठून जाता येते ती काटकसर. वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही, बाहेर जेवायचे नाही, असे संकल्प हल्ली शहरांत हौसेने सोडले जातात आणि त्यांवर लिहिलेही जाते. ते सगळे थोरोचे दूरचे नातेवाईक आहेत.

आपल्याकडच्या काटकसरीच्या वाङ्मयाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे महिना. पांढरपेशा मराठी विनोद आणि कौटुंबिक कथा ह्यांचे अर्धे विश्व 'महिनाअखेर' ह्या एका कल्पनेवर उभे आहे. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'असा मी असामी'मधल्या गिरगावच्या कारकुनाची तंगी आपल्याला हसवू शकते, कारण एक तारीख येणार आहे ह्याची लेखकालाही खात्री आहे आणि वाचकालाही. एक तारीख नसती तर ते पुस्तक विनोदी राहिले नसते. सरकारचा हिशेबही महिन्याचाच. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण भारताचा दरमहा दरडोई सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला, आणि त्यातला अन्नावरचा वाटा निम्म्याच्या खाली, ४६ टक्क्यांच्या आसपास आला, ह्याची बरीच चर्चा झाली. आकडा खोटा नाही. परंतु 'दरमहा' हा शब्द त्यात किती सहजपणे येऊन बसला आहे पाहा. ज्याच्याकडे पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येतो, त्याच्या वर्षाला बाराने भागून काढलेला महिना हा कागदावरचा महिना असतो. त्या महिन्यात तो माणूस कधी राहिलेला नसतो.

परळीत हा महिना तसा उशिरा आला. १९७१ साली औष्णिक वीज केंद्राचे पहिले संच सुरू झाले आणि ज्योतिर्लिंगाच्या ह्या तीर्थक्षेत्री, मोंढ्यावर आणि यात्रेवर जगणाऱ्या गावात, वसाहतीतला पगारदार दिसू लागला. दुकानदारांच्या वहीत 'पगारावर' असे एक नवे खाते उघडले. त्याआधी आणि त्यानंतरही, भोवतालच्या खेड्यांचे खाते 'सुगीवर' किंवा 'कारखान्यावर' असे चालत आले आहे. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी संच थांबवावे लागले, तेव्हा महिनासुद्धा पावसावर अवलंबून असतो हे शहरालाही कळले. असो.

'कारखान्यावर' ह्या खात्याकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण वर्षाचे अंदाजपत्रक म्हणजे काय हे तिथेच नीट कळते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येने माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होऊ लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. मोजमापाचे एकक माणूस नसून 'कोयता' आहे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. ह्या कोयत्याला मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल मिळते. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरही जाते. वर्षभराचे सारे उत्पन्न असे वर्षाच्या आरंभी, काम करण्याच्या आधीच, हातात पडते आणि बहुधा त्याच आठवड्यात संपते : मागचे देणे, मुलीच्या लग्नाचा राहिलेला हिशेब, घराचे पत्रे, दवाखाना. उरलेले सहा महिने ती रक्कम टनाच्या दराने फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, आणि ती मोठी होती. तरी तो दर उचल फेडण्याचा वेग ठरवतो. हातात येणारा पैसा ठरवत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मग फडावरचे सहा महिने जगायचे कशावर? इथे 'भागवणे' सुरू होते. गावाकडून ज्वारी-बाजरी, डाळ, तिखट, उन्हाळ्यात केलेले वाळवण बांधून न्यायचे. सरपण वाटेवर मिळते. कोपीला भाडे नाही. बाजारहाटासाठी रोख लागते ती बऱ्याच अंशी वाढ्यांतून येते. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडलेल्या उसाची मोळी बांधली की शेंड्यांच्या पेंढ्या वेगळ्या बांधायच्या आणि आसपासच्या दूधवाल्यांना वैरण म्हणून विकायच्या. ज्या उसाच्या साखरेचे अर्थशास्त्र आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्याच उसाच्या टाकाऊ शेंड्यावर तो तोडणाऱ्याचे तेल-मीठ निघते. ह्याला कोणी काटकसर म्हणाले तर शब्दाचा अवमान होईल असे नाही. परंतु त्या बाईच्या बुद्धीचा मात्र होईल. कारण ती काही बाजूला काढून ठेवत नाही. नसलेल्या जागेतून ती काहीतरी निर्माण करते, आणि ते त्याच दिवशी खर्चते.

आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम लवकर आटोपला, पाऊस लागला, ऊस कमी भरला, तर उचल फिटत नाही आणि बाकी 'अंगावर' राहते. 'अंगावर बाकी' हा प्रयोग आपण सहज करतो. इथे तो शब्दशः खरा असतो, कारण फेडायला अंगाखेरीज दुसरे काही नसते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीकच. पण अंथरूण वर्षातून एकदा, दुसऱ्या कोणी, त्याला हवे तेवढे घालून दिले असेल तर पाय पाहण्याचे काम कोणाचे?

आता शब्दाकडे वळू. 'भागणे' ह्या क्रियापदाला मराठीत तीन अर्थ आहेत आणि तिन्ही रोजच्या वापरातले आहेत. एक, पुरणे : 'एवढ्यात भागेल.' दुसरा, वाटले जाणे, विभागले जाणे : बाराला चाराने भागले. आणि तिसरा, दमणे : थकला-भागला जीव. इतर भाषांतले मला ठाऊक नाही, पण पुरणे, वाटणे आणि थकणे ह्या तिन्ही गोष्टी एकाच धातूत सामावून घेणारी भाषा ज्यांनी बोलून बोलून घडवली, त्यांना घर चालवणे म्हणजे काय ते नक्की कळत होते. तीन भाकरी पाच जणांत भागतात, म्हणून भागते; आणि ते भागवणारी भागते. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर लिहून दाखवते तेव्हा व्याकरणाच्या तासाला सहसा न दिसणारे हसू काही चेहऱ्यांवर येते. ते हसू परळी शहरातल्या मुलांच्या चेहऱ्यावर कमी आणि बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या मुलींच्या चेहऱ्यावर अधिक असते.

'काटकसर' ह्या शब्दात थकवा नाही. 'बचत' ह्या शब्दात तर मुळीच नाही.

थोडे स्वतःविषयी सांगणे इथे अप्रस्तुत होणार नाही, कारण महाविद्यालयातही सगळ्यांचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. मी गेली चौदा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासाला दर ठरलेला असतो, सुट्टीच्या दिवसांना दर नसतो, आणि मानधन दरमहा न येता काही महिन्यांचे मिळून, कागदपत्रे पुरी होतील तेव्हा, एकदम येते. पती विनाअनुदानित शाळेत आहेत. त्यावर अधिक लिहायला नको. मागच्या शैक्षणिक वर्षी जून ते मे अशी बारा महिन्यांची एक वही आम्ही ठेवली. चार माणसांच्या घरात त्या वर्षी बाहेरून पैसा आला तो तीनदा. ज्वारी सुगीत मोंढ्यावरून एकदम घेतली, कारण वर्षाचे धान्य घरात असले की निम्मी भीती जाते. तूरडाळ किलोला दीडशेच्या वर गेल्यापासून वरणात मूग आणि मसूर आले; येसराची आमटी आठवड्यातून तीनदा झाली, आणि ती मुलांना आवडते हे आमचे भाग्य. दुकानाची उधारी सहा महिने चालली. दुकानदार सभ्य आहे, त्याने एकदाही मागितली नाही, आणि त्याने मागितली नाही म्हणून आम्ही त्याच्या दुकानासमोरून जाण्याचा रस्ता बदलला. वहीत ह्या रस्त्याचा खर्च कुठे लिहावा हे मला अजून उमगलेले नाही. एक बांगडी गहाण पडली आणि सुटली. पुस्तके घेतली नाहीत; ग्रंथालय होते.

ह्या वर्षाची तुलना फडावरच्या वर्षाशी करणे हा उद्धटपणा होईल. आमच्या डोक्यावर छप्पर आहे, पदवी आहे, आणि दुकानदार आम्हाला 'मॅडम' म्हणतो म्हणून उधारी मिळते. परंतु वही वर्षभर ठेवल्यावर एक गोष्ट कळली : आमची अडचण पैसा थोडा आहे ही जितकी होती, त्याहून तो केव्हा येणार हे ठाऊक नाही ही अधिक होती. हेच निरीक्षण बऱ्याच मोठ्या प्रमाणावर 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' (२००९) ह्या पुस्तकात आहे. चार अभ्यासकांनी भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिका ह्या देशांतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांच्या डायऱ्या सुमारे वर्षभर, दर पंधरवड्याला भेटून, लिहून घेतल्या. त्यांत दिसले ते असे, की गरीब घर हे उधळे नसते आणि नुसते हातावर पोट असलेलेही नसते. ते सतत देणेघेणे करत असते. शेजारणीकडून उसने, दुकानात उधार, भिशीत हप्ता, कोणाकडे ठेव म्हणून दिलेले शंभर रुपये. उत्पन्न लहान असते, अनियमित असते, आणि ते नियमित करण्याची साधने अपुरी असतात. म्हणून ही सारी धडपड. आपल्या मराठीत ह्या प्रत्येक व्यवहाराला वेगळा शब्द आहे : उसनवारी, उधारी, उचल, हातउसने, गहाण, भिशी, इसार, बाकी. एवढा समृद्ध शब्दसंग्रह असलेल्या भाषेत आपण निबंधाला विषय देतो तो 'काटकसरीचे महत्त्व'!

साहित्याच्या अध्यापकांना ह्याच्याशी काय करायचे, असा प्रश्न कोणी विचारील. मला वाटते, बरेच करायचे आहे. आपण काही पुस्तके ज्या तऱ्हेने शिकवतो त्या तऱ्हेचाच हा प्रश्न आहे. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये ते लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. वर्गात आपण आईचे वात्सल्य, स्वाभिमान, संस्कार ह्यांवर बोलतो आणि डोळे पुसतो. पण ते पुस्तक एका कर्जाचेही पुस्तक आहे. एके काळच्या सुस्थितीतल्या घरावर सावकाराचे देणे वाढत जाते, वसुलीचा माणूस दारात येऊन बसतो, आणि आईच्या आजारपणाचा व त्या देण्याचा संबंध लेखकाने कुठे लपवलेला नाही. आपण तो वगळतो. वगळल्यामुळे होते काय, की गरिबी ही चारित्र्य घडवणारी शाळा ठरते आणि सावकार गोष्टीतून अलगद निसटतो. गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्या समीक्षकांनीही हा जमाखर्च फारसा वाचलेला नाही, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

'स्मृतिचित्रे'मध्ये हे निराळ्या रीतीने घडते. लक्ष्मीबाई टिळकांचा विनोद इतका निर्मळ आहे की त्या हसवतात आणि आपण हसतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, दुसऱ्याची नड दिसली की तो जाई, ही थोर माणसाची लकब म्हणून आपण वाचतो. त्या औदार्यानंतरची चूल मात्र लक्ष्मीबाईंना पेटवायची असे. १९३४ पासून भागांनी आलेले हे पुस्तक मराठीतले भागवण्याचे पहिले मोठे आत्मकथन आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. त्या कुठेही तक्रार करत नाहीत म्हणून आपण ती थकवणारी मेहनत पाहत नाही. जणू विनोदबुद्धी असली की दमायला होत नाही.

ह्या बाबतीत दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला अधिक सरळ वाचायला लावले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. बलुते हीच मुळी वर्षाची व्यवस्था : वर्षभर राबायचे आणि सुगीत खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे, तेही मागून. तिथे काटकसर हा शब्द कोणी उच्चारू धजणार नाही. बेबी कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये तर घरातल्या उपासमारीचीही उतरंड दिसते; आधी कोण जेवते आणि शेवटी कोण, हे स्त्रीने लिहिल्याशिवाय साहित्यात येत नाही.

मराठवाडा-विदर्भाच्या ग्रामीण लेखकांना हे ठाऊक होते. भास्कर चंदनशिव ह्यांच्या 'लाल चिखल' ह्या कथेत टोमॅटो बाजारात मातीमोल होतात आणि बाप ते पायांखाली तुडवतो. एका दुपारी घराचे सगळे अंदाजपत्रक चिखल होते. पाठ्यपुस्तकातून ही कथा अनेकांनी वाचली आहे. तिच्यावर प्रश्न मात्र येतो तो शीर्षकाच्या समर्पकतेविषयी. रा. रं. बोराड्यांच्या 'पाचोळा'त (१९७१) शिंप्याच्या घराची पडझड त्याच्या बायकोच्या तोंडून येते. आणि सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'चे (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) नावच वर्षाचे आहे. त्यातला एकनाथ एम. ए., बी. एड. आहे, नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेतात काही उरलेले नाही. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे ही कादंबरी शिकवतात तेव्हा संहिता आणि अध्यापक ह्यांच्यात अंतर उरत नाही. सैद्धान्तिक समीक्षेला ह्याचे काय करायचे ते तिने पाहावे.

ह्या सगळ्यांत भागवणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्त्री आहे, आणि तिच्या भागवण्याचे अंतिम साधन तिचे स्वतःचे शरीर आहे. हे वाक्य रूपकात्मक वाटत असेल तर २०१९ साल आठवावे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न त्या वर्षी उघड्यावर आला आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कारणे अनेक होती : लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे, ओझी, फडावर स्वच्छतागृह नसणे, खासगी दवाखान्यांतला सल्ला. त्यांत एक कारण हिशेबाचेही होते. दुखण्याचा आणि पाळीचा खाडा परवडत नाही. घरखर्चातली कोणती बाब कमी करता येईल ह्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि ते कोणत्याही काटकसरीच्या निबंधात बसणार नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे दुष्ट नसतात. 'पण मॅडम, हे लोक लग्नात किती उधळतात ते पाहिलंत का? मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे.' उधळतात हे खरे आहे. कर्ज काढून मांडव घातले जातात, हुंडा दिला जातो, आणि हुंड्याचे समर्थन मी मरेपर्यंत करणार नाही. तरी लग्नाच्या आहेराची वही कधी पाहिली आहे का? कोणी किती घातले हे तिच्यात नावानिशी लिहिलेले असते, आणि पुढच्या वेळी तेवढे, वर थोडे चढवून, परत करायचे असते. ज्यांना बँक दारात उभे करत नाही त्यांची ती एक प्रकारची बँक आहे. अडीनडीला कोणाकडे जायचे ह्याची यादी. ती महागडी आहे, अन्यायकारकही आहे. पण तिच्याऐवजी काय, हे न सांगता ती बंद करा म्हणणे सोपे असते. मोबाइलबद्दल एवढेच, की आईबाप सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे आणि मूल आजीपाशी गावात असेल, तर त्या घरात चैनीची वस्तू कोणती आणि गरजेची कोणती हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

जुन्या पिढीची काटकसर हा मात्र वेगळा, आणि खरोखर आदराचा, भाग आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या घरांत आजही शिळी भाकरी टाकली जात नाही. रोजगार हमीच्या कामावरची खडी, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी ह्यांच्या आठवणी आमच्या सासूबाई सांगत तेव्हा त्यांत ना अभिमान असे ना कडवटपणा. भाव सांगावा तसे त्या सांगत. पीठ मळून झाले की चिमूटभर परत डब्यात टाकण्याची त्यांची सवय होती. मी एकदा कारण विचारले. 'डबा रिकामा झाला असं डब्याला वाटू नये,' त्या म्हणाल्या. ह्याला मी काटकसर म्हणायला तयार आहे. तो चिमूटभर उरत होता, आणि तो परत टाकायचा की नाही हे त्यांचे त्या ठरवत होत्या.

तेव्हा माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. पदवीच्या वर्गात लेखनकौशल्याचा जो भाग असतो, त्यात एक उपक्रम घालावा : विद्यार्थ्याने आपल्या घराचे एक वर्ष लिहावे. नाव न घालता, रकमा बदलून हवे तर, पण वर्ष जूनपासून की दसऱ्यापासून की पाडव्यापासून सुरू होते ते त्याने ठरवावे. पैसा केव्हा आला, कोणाकडून आला, कोणी मोजला, कोणी लपवून ठेवला, कोण शेवटी जेवले. त्यासाठी जे शब्द घरात वापरले जातात तेच वापरावेत. चिपटे, मापटे, पायली ही मापे त्यांत येतील, तीही येऊ द्यावीत. मी दोन वर्षे हे अनौपचारिकपणे करून पाहते आहे. ज्या मुलांना रसग्रहणात चार ओळी सुचत नाहीत त्यांनी सात-आठ पाने लिहिली. एका मुलीने आईच्या वर्षाचा हिशेब टनांत लिहिला होता, रुपयांत नव्हे. कारण घरी तसाच बोलला जातो. त्यानंतर 'बारोमास' शिकवायला मला निम्मे तास पुरले.

अडचण एकच आहे आणि ती माझ्या हातातली नाही. सत्र पद्धतीत पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास किंवा नंतर येते, दुसऱ्याची उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे हंगामाचे सहा महिने आणि आमचे अध्यापनाचे मुख्य महिने जवळपास तेच. हजेरीची अट ७५ टक्क्यांची. ज्यांच्या वह्या सर्वांत वाचण्याजोग्या झाल्या असत्या ती काही मुले-मुली दिवाळीनंतर वर्गात दिसत नाहीत. कोयत्याला जोडीदार लागतो, किंवा धाकट्या भावंडांपाशी कोणीतरी थांबावे लागते. ह्या वर्षी माझ्या वर्गातून अशी पाच नावे आहेत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे काय लिहायचे हे विचारायला मी कार्यालयात गेले होते, तेव्हा 'गैरहजर' ह्याशिवाय दुसरा रकाना नाही असे कळले.